मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट कशाला बघायची?

(छत्रपती संभाजीनगर येथे ज्येष्ठ नागरिकांसाठी झालेल्या आरोग्य व्याख्यानमालेतील एका नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांचे हे व्याख्यान. शब्दांकन करताना बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

बोलायला सुरुवात करण्याआधी एक छोटी परीक्षा घेते. उजवा डोळा तळहाताने झाका. दाबू नका, नुसता झाका. आता समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघा. काटे दिसतात? आता तो उघडा आणि डावा झाका. दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसलं का?

बघा, तीन-चार जणांनी मान हलवली. एका काकांनी तर हात काढून पुन्हा लावला, त्यांचा विश्वासच बसेना. काका, घाबरू नका. आपले दोन्ही डोळे कायम उघडे असतात आणि चांगला डोळा दुसऱ्याचं काम गुपचूप सांभाळून घेतो. त्यामुळे एका डोळ्याची नजर पार कमी झाली तरी माणसाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. एखाद्या दिवशी चांगल्या डोळ्यात कचरा जातो, तो चोळायला माणूस तो डोळा मिटतो, आणि मग कळतं.

डोळ्यात नेमकं काय होतं?

आपल्या डोळ्यात काळी बाहुली दिसते ना, तिच्या मागे एक भिंग असतं. आकार मसुरासारखा, दोन्हीकडून फुगीर. रुंदी साधारण ९ ते १० मिलिमीटर, जाडी ४ मिलिमीटरच्या आसपास. एका पातळ, पारदर्शक पिशवीत ते बसवलेलं असतं. बाहेरचा प्रकाश या भिंगातून मागच्या पडद्यावर पडतो आणि तिथून संदेश मेंदूकडे जातो.

हे भिंग पाणी आणि प्रथिनं यांचं बनलेलं आहे. वय वाढतं तशी ती प्रथिनं गोळा होऊ लागतात आणि भिंग गढूळ होतं. जे अंडी खातात त्यांना लगेच कळेल. कच्च्या अंड्यातला पांढरा भाग आधी पाण्यासारखा असतो, उकडला की पांढरा होतो. तो पुन्हा पाण्यासारखा करता येतो का? नाही. म्हणूनच कोणत्याही थेंबाने, मधाने, कसल्याही अर्काने मोतीबिंदू विरघळत नाही. जाहिराती रोज येतात, पण मोतीबिंदू घालवणारं औषध आज उपलब्ध नाही. गढूळ झालेलं भिंग काढून स्वच्छ भिंग बसवणं हा एकच उपाय आहे.

अजून एक घोळ दूर करू. मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा. काचबिंदूत बहुधा डोळ्यातलं प्रेशर वाढून मागची नस खराब होते, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूत गेलेली नजर, मागचा पडदा आणि नस चांगली असेल तर, परत येते. नावं सारखी म्हणून दोन्हींना एकच समजू नका. आणि दोन्ही एकाच डोळ्यात असू शकतात, म्हणून तपासणीत प्रेशर मोजतात.

कसं ओळखायचं?

मोतीबिंदू दुखत नाही. लाल होत नाही. म्हणूनच तो अंगवळणी पडतो. माझ्याकडे येणारी माणसं काय सांगतात ते ऐका. रात्री जालना रोडवर समोरून गाडी आली की दिव्याभोवती फटाका फुटल्यासारखं दिसतं. तांदूळ निवडताना खडा सुटतो. सुईत दोरा नातीकडून ओवून घ्यावा लागतो. चष्म्याचा नंबर सहा-सहा महिन्यांनी बदलतो. पांढरं लुगडं पिवळट दिसतं आणि बाई धुणाऱ्यावर चिडते. (हशा)

एक लक्षण मात्र फसवं आहे. काही आजोबा खुशीत येऊन सांगतात, “डॉक्टर, माझी नजर सुधारली, आता पेपर बिनचष्म्याचा वाचतो.” भिंगाचा मधला भाग घट्ट झाला की जवळचा नंबर काही काळ उतरतो. ती सुधारणा नव्हे, बहुतेक वेळा ती मोतीबिंदूची चाहूल असते.

वय हे मुख्य कारण. त्याखेरीज मधुमेह, तंबाखू-सिगारेट, डोळ्याला लागलेला मार, वर्षानुवर्षं उन्हात काम, आणि स्टेरॉइडची औषधं. गुडघेदुखीवर कुणीतरी दिलेल्या नाव नसलेल्या पुड्या घेत असाल तर हा मुद्दा लक्षात ठेवा. आणि लहान बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसलं तर एक दिवसही थांबू नका. तिथे उशीर झाला तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही.

‘पिकू द्या’ हा सल्ला आला कुठून?

आता आजच्या मुख्य विषयाकडे येते. “अजून कच्चा आहे, पिकला की काढू.” हे वाक्य तुमच्यापैकी प्रत्येकाने ऐकलंय. आपले आजोबा-पणजोबा हे म्हणायचे ते काही अडाणीपणाने नव्हे. त्यांच्या काळातल्या ऑपरेशनसाठी तो सल्ला बरोबर होता.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या आजारावरची शस्त्रक्रिया दिलेली आहे. तिथे त्याला लिंगनाश म्हटलंय. पुढे शेकडो वर्षं चाललेली जुनी पद्धत अशी, की सुईने गढूळ भिंग बाजूला ढकलायचं म्हणजे उजेडाची वाट मोकळी होते. भिंग डोळ्यातच राहायचं, आणि त्यातून पुढे पुष्कळ डोळे जायचे. १७४७ मध्ये फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी भिंग चीर देऊन बाहेर काढलं. त्यानंतरची दोनशे वर्षं मोठी चीर, मोठी जखम. भिंग कच्चं असलं की त्याचे चिकट तुकडे आत राहायचे आणि डोळा सुजायचा. पिकलेलं भिंग सुटून नीट बाहेर यायचं. शिवाय भिंग काढल्यावर आत बसवायला काहीच नव्हतं. म्हणून तो सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. त्या चष्म्यातून वस्तू जवळजवळ पाव पटीने मोठी दिसायची. एका डोळ्याला मोठं, दुसऱ्याला लहान, मग चालणार कसं? त्यामुळे दोन्ही डोळ्यांची नजर पार जाईपर्यंत थांबणं शहाणपणाचं होतं.

मग दोन गोष्टी घडल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांची काच फुटून काही वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे गेले. ती काच म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक होतं. हॅरल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळा सहन करतो. १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी त्याच पदार्थाचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. दुसरी गोष्ट १९६७ ची. अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांना दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर दात साफ करणारं ध्वनिलहरींचं यंत्र बघून कल्पना सुचली, की अशाच लहरींनी भिंग आतल्या आत फोडून ओढून घेता येईल. हेच आजचं ‘फेको’.

म्हणजे ऑपरेशन बदललं, पण सल्ला जुनाच राहिला. आज उलट आहे. भिंग जितकं जास्त पिकेल तितकं ते दगडासारखं कडक होतं, फोडायला जास्त ताकद लागते, आणि शेजारच्या नाजूक भागांना इजा होण्याची शक्यता वाढते.

‘हिवाळ्यातच करा’ याचंही तसंच आहे. मोठी जखम, टाके, आठवडाभर झोपून राहणं, हे आपल्या मे महिन्यात कसं जमणार? म्हणून हिवाळा. आता वर्षभर करता येतं.

माझ्या मावशीची गोष्ट

हे मी एवढं तळमळीने का सांगते, त्याला कारण आहे. माझी मावशी पैठण तालुक्यातल्या एका गावात राहायची. मी त्या वेळी डोळ्यांच्या विभागात शिकत होते. दिवाळीला गेले तेव्हा ती म्हणाली, “उजव्या डोळ्यानं धुरकट दिसतंय गं.” मी बाहुलीकडे पाहिलं, मोतीबिंदू होता. म्हटलं, “मावशी, चल माझ्याबरोबर.” ती म्हणाली, “आता कापसाची वेचणी आहे, मग पोरीचं लग्न. आणि अजून पिकला कुठं?” मी हसून सोडून दिलं. माझी परीक्षा जवळ आली होती.

चैत्रात तिचं डोकं दुखायला लागलं. उलट्या झाल्या. घरच्यांना वाटलं पित्त झालं. लिंबू-सोडा दिला, डोक्याला बाम लावला. डोळा लाल झाला तर डोळे आलेत म्हणून मेडिकलमधून थेंब आणले. पाचव्या दिवशी तिला माझ्याकडे आणलं. पिकलेलं भिंग फुगलं होतं, त्याने डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवली होती आणि प्रेशर भयंकर वाढलं होतं. आमच्या सरांनी ऑपरेशन केलं, उत्तम केलं. दुखणं थांबलं. पण नस मरून गेली होती. त्या डोळ्याने तिला पुन्हा दिसलं नाही.

मावशीने मला कधीच बोल लावला नाही. डावा डोळा मी वेळेत करून घेतला, त्यावर तिने पुढची वर्षं काढली. पण दिवाळीच्या त्या दिवशी मी हसून सोडून द्यायला नको होतं. म्हणून सांगते: डोकेदुखी, उलटी आणि लाल डोळा एकत्र असेल तर ते पित्त समजू नका. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

मग करायचं कधी?

याचं उत्तर बरंचसं तुम्हीच द्यायचं आहे. मोतीबिंदूमुळे तुमचं रोजचं काम अडायला लागलं की करायचं. ड्रायव्हरचं काम लवकर अडतं, पैठणी विणणाऱ्याचं त्याहून लवकर. घरात बसून टीव्ही बघणाऱ्याला थोडं थांबता येतं. थोडासा मोतीबिंदू आहे, काही अडत नाही, तर घाईही नको. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासणी करा. पण मधुमेहात मागचा पडदा बघायचा असेल आणि मोतीबिंदू आड येत असेल, किंवा भिंग फुगू लागलं असेल, तर डॉक्टर सांगतील तेव्हा करा.

आधीच्या तपासण्या आणि तुम्ही सांगायच्या गोष्टी

साखर, रक्तदाब, गरजेप्रमाणे हृदयाचा आलेख. डोळ्याचं माप घेतात, त्यावरून आत बसवायच्या भिंगाचा नंबर ठरतो. नाकाजवळच्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी सोडून बघतात. घशात खारट लागलं की समजायचं अश्रूंची वाट मोकळी आहे. तिथे पू साचलेला असेल तर आधी त्याचा उपचार करावा लागतो, नाहीतर जंतू डोळ्यात जातील.

तुम्ही न विचारता सांगायच्या गोष्टी तीन. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. कसली ॲलर्जी आहे का. आणि पुरुष मंडळींनी नीट ऐका, प्रोस्टेटसाठी लघवीची गोळी घेता का? त्यातल्या काही गोळ्यांमुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली मोठी राहत नाही. आधी कळलं तर डॉक्टर तयारीत असतात.

ऑपरेशनच्या दिवशी

आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी डोक्यावरून अंघोळ करून घ्या, नंतर काही दिवस ती बंद. काजळ, पावडर नको. रोजच्या गोळ्या आणि जेवण यांबद्दल जे सांगितलं असेल तेच करा, विशेषतः इन्सुलिनवाल्यांनी.

कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन ते कपाळावर खूण करून ठेवतात. तुम्हाला तीन-चार वेळा तोच प्रश्न विचारतील: नाव काय, डोळा कोणता? कंटाळू नका, ती सुरक्षेची पद्धत आहे. पूर्ण भूल बहुतेकांना लागत नाही. थेंबांनी किंवा डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन डोळा बधिर करतात. इंजेक्शन टोचतं ते क्षणभर. चेहऱ्यावर कापड येतं, समोर लख्ख दिवा असतो, यंत्राचा आवाज येतो, पाणी ओघळल्यासारखं वाटतं. सुरी-कात्री काही दिसत नाही. खोकला आला तर आधी तोंडाने सांगा, डोकं हलवू नका. साध्या केसमध्ये दहा-वीस मिनिटांत काम होतं आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

पद्धती दोन. फेकोमध्ये चीर अडीच मिलिमीटरच्या आसपास, त्यातून घडी घातलेलं भिंग आत जाऊन उलगडतं. दुसरी छोट्या चिरेची, बिनटाक्याची पद्धत. चीर सहा-सात मिलिमीटर. ती कमी खर्चाची आहे, आणि फार पिकलेल्या मोतीबिंदूत अनेकदा तीच योग्य ठरते. चांगल्या हातून झाली तर नजर दोन्हींत उत्तम येते. शासकीय रुग्णालयात झालं म्हणून ते कमी प्रतीचं, असं मानू नका. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्यात ही शस्त्रक्रिया मोफत होते. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने शिकले आपल्या मराठवाडा विद्यापीठात आणि मोतीबिंदूच्या लाखावर शस्त्रक्रिया केल्या मुंबईच्या जे. जे. या सरकारी रुग्णालयात. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

भिंगाच्या किमतीवरून घरात भांडणं होतात. साध्या भिंगाने लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा लागतो. बहुकेंद्री भिंगाने चष्मा कमी लागतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. पडदा किंवा नस खराब असेल तर ते नकोच. महाग भिंग म्हणजे जास्त नजर, असं गणित नाही. मुलांना कर्ज काढायला लावू नका.

नंतरचा महिना

दुसऱ्या दिवशी पट्टी निघते. कुणाला लगेच लख्ख दिसतं, कुणाला आठवडा लागतो. सुरुवातीला सगळं थोडं निळसर आणि फार उजेडाचं वाटतं. डोळ्यात कण गेल्यासारखं टोचतं. हे चालतं.

खरं काम थेंबांचं आहे. सुमारे महिना-दीड महिना ते हळूहळू कमी करत न्यायचे. हात साबणाने धुवा, खालची पापणी ओढा, एक थेंब टाका, डोळा मिटून ठेवा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. शेजारणीची उरलेली बाटली वापरू नका.

डोळा चोळायचा नाही. नळाचं पाणी डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. भरलेली कळशी उचलायची नाही. चुलीच्या धुरापासून आणि धुळीपासून लांब. रात्री डोळ्यावर कवच लावून झोपा. हळूहळू चालणं, साधं जेवण, टीव्ही, वाचन, सगळं चालतं. ‘आंबट खाऊ नका, डाळ खाऊ नका’ याला आधार नाही. चष्म्याचा नंबर साधारण महिन्या-दीड महिन्याने काढतात, त्याआधी घाई नको.

आणि आता लिहून घ्या. दुखणं वाढत चाललं, लाली वाढली, चिकट पू आला, किंवा आधी चांगलं दिसत होतं आणि आता कमी झालं, तर त्याच दिवशी जायचं. रात्र असली तरी. आत जंतुसंसर्ग होणं दुर्मिळ आहे, हजारात एखादा किंवा त्याहूनही कमी, पण तिथे तासांवर नजर ठरते. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, विजा किंवा पडदा ओढल्यासारखं झालं तरीही तसंच.

२०१५ ते २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू निघालं. त्याच यादीत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतली गुंतागुंत ७.२ टक्के आहे. मी हे लपवत नाही. म्हणून तर म्हणते, वेळेवर करा, चांगल्या ठिकाणी करा आणि नंतरची एकही तपासणी चुकवू नका.

श्रोत्यांचे प्रश्न

*लेझरने मोतीबिंदू काढतात ना? आणि तो परत येतो म्हणतात?*
भिंग काढलं, तिथे पुन्हा मोतीबिंदू होत नाही. पण ज्या पिशवीत नवं भिंग बसवतो, तिचा मागचा पापुद्रा काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काही जणांत धुरकट होतो. त्याला लेझरने पाच मिनिटांत भोक पाडता येतं. त्यावरूनच हे दोन्ही समज पसरले. काही ठिकाणी ऑपरेशनचे काही टप्पे लेझरने करतात, पण भिंग काढायला डॉक्टरांना आत जावंच लागतं.

*दोन्ही डोळे एकदम करता येतील?*
बहुधा नाही. पहिला डोळा नीट झाला हे बघून काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दुसरा. पण दुसरा विसरू नका. पायरीचा अंदाज दोन्ही डोळ्यांनी येतो.

*मधुमेह आहे, मग जखम भरणार नाही असं म्हणतात.*
साखर आटोक्यात आणून करता येतं. तुमच्यासाठी आकडा किती, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. मागच्या पडद्याची तपासणी मात्र आधी हवीच.

*पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे आणि त्यानंतर नाथषष्ठी. पैठणला जाऊ का?*
माऊली, दर्शनाला मी अडवणार कोण? (हशा) पण गर्दीतला धक्का, धूळ आणि गोदावरीतली बुडी, तिन्ही या डोळ्याला महिनाभर चालत नाहीत. एक तर षष्ठी झाल्यावर ऑपरेशन करा, नाहीतर यंदा घरूनच नमस्कार. तुमच्या डॉक्टरांना तारीख सांगा, ते जुळवून घेतील.

*माझी आई ८२ वर्षांची. म्हणते, आता काय बघायचं राहिलंय?*
ताई, हे वाक्य मी फार ऐकते. बहुतेक वेळा त्यामागे खर्चाची भीती असते, किंवा मुलांना त्रास नको हा विचार. वय ही अडचण नाही. तब्येत धरून असेल तर नव्वदीतही करतो. न दिसणारी म्हातारी माणसं रात्री मोरीकडे जाताना पडतात, खुबा मोडतो आणि अंथरुणाला खिळतात. आईला एवढंच विचारा, “तुला माझा चेहरा स्पष्ट दिसतो का?” ती काय म्हणते ते ऐका आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन तपासणीला या.

शेवटी एकच काम सांगते. सुरुवातीला आपण जी परीक्षा केली, ती आज घरी गेल्यावर जे इथे आले नाहीत त्यांच्याकडून करून घ्या. एक डोळा झाका, घड्याळ बघा, मग दुसरा. एक मिनिट लागतं.